अठ्ठावन्न किलोचं पोतं

आमच्या घरात सध्या आठ चाकं आहेत. चार लोखंडी, चार अलॉयची. गाडी मात्र एकच, तीही दोन दारांची आणि चौतीस वर्षांची. हे ऐकलं की पाहुणे माझ्याकडे दयेनं बघतात. बघू देत. फक्त चहाचा कप चाकावर ठेवू नका म्हणते, कारण आमचे हे लगेच फडकं घेऊन धावतात.

ह्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. जगातले निम्मे तंटे चुकीच्या काट्यामुळे होतात आणि उरलेले वजन न करता बोलल्यामुळे, असं ह्यांचं ठाम मत. दुसऱ्या प्रकारात मी येते. गाडी ह्यांनी भंगारातून आणली आणि नऊ वर्षं खपून उभी केली. त्या नऊ वर्षांत प्रत्येक चाचणीला शेजारच्या सीटवर मी. ब्रेक लागत नव्हते तेव्हाही मीच आणि दार वाटेत निखळलं तेव्हाही मीच.

चार महिन्यांपूर्वी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गाडीत बसा खुशाल, फक्त दणके नकोत." घरी येऊन मी जाहीर केलं की मला कुठे जायचंच नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. साधी पायरी उतरतानाही वाटायचं की आत काहीतरी पुन्हा निसटेल. त्या गाडीत आपण आता कधीच बसणार नाही, हे मी मनाशी धरून टाकलं होतं. बोलले मात्र कुणाशीच नाही.

आणि ह्यांना काय सुचावं, तर चाकं! आठ वर्षं शोधलेला अलॉयचा संच नेमका याच महिन्यात सापडला. टायर काढून एकेक चाक काट्यावर चढलं. "प्रत्येकी दोन किलो तीनशे ग्रॅमनं हलकं," हे आतल्या खोलीत येऊन म्हणाले. चेहरा असा की घरात नातवंड झालंय. मी म्हटलं, "सवत आणलीत ती आणलीत, वर तिचं कौतुकही मीच ऐकायचं?"

दुसऱ्या दिवसापासून नवंच खूळ. सकाळी एक संच लावायचा, फिरून यायचं. दुपारी तो काढून दुसरा लावायचा, पुन्हा त्याच रस्त्यानं फिरून यायचं. चौथ्या दिवशी शेजारच्या शिलाईवाल्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "ताई, भावजींच्या शेजारी कोण बसतं हो हल्ली?"

मी खिडकीत गेले. माझ्या सीटवर वाळूचं पोतं बसलं होतं. पट्टा लावून, ऐटीत. त्यावर एक पसरट थाळी, आणि हे वाकून तिच्यात काठोकाठ पाणी ओतत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने मी भिंतीला धरून चालतेय, आणि माझ्या जागेवर पोतं? काठी टेकत अंगणात गेले आणि जे तोंडात येईल ते बोलले. शेवटी मी म्हटलं, "आणि निदान माझ्या अंगलटीचं तरी आणायचं होतं! केवढं जाड आहे ते!"

"जाड कसं असेल?" हे खरोखर दुखावले. "बरोबर अठ्ठावन्न आहे. फाइलमध्ये बघून भरलंय."

"कसली फाइल?"

"तुझी. दवाखान्याची."

मग थाळीचा उलगडा झाला. निघताना थाळी तोलायची, परतल्यावर पुन्हा तोलायची. जितकं पाणी सांडलं, तितका दणका. लोखंडी चाकांवर एकशे दहा ग्रॅम सांडत होतं, अलॉयवर दोनशे चाळीस. अलॉयचं चाक मोठं, त्यावरचा रबर पातळ, खड्डा लागला की थेट बसणाऱ्याच्या पाठीत. हे मला चारही दिवसांचे आकडे तोंडपाठ सांगत होते.

"पण अठ्ठावन्न मी दवाखान्यात गेले तेव्हा होते," मी एवढंच म्हणाले.

ह्यांनी मला दुकानात नेलं, मोठ्या काट्यावर उभं केलं. एक्कावन्न. मला उतरवून काटा तपासला, पुन्हा उभं केलं. एक्कावन्नच. जन्मभर दुसऱ्यांचे काटे सुधारणारा माणूस, आणि घरातल्याच वजनात चुकला होता. हे अंगणात गेले, पोतं सोडलं आणि सात किलो वाळू बादलीत काढली. मग बादली हातात उचलून तसेच उभे राहिले.

"एवढी गेलीस तू?" हे बादलीकडे बघत होते. "माझ्या डोळ्यांसमोर?"

मला रडू आलं. त्यांनाही आलं असावं, कारण ते घाईघाईनं पोत्याचं तोंड बांधायला लागले. "सगळे आकडे चुकले. पहिल्यापासून करायला हवं."

"काही नको. ते पोतं काढा आधी. मी अजून आहे ना?"

"पण तू..."

"लोखंडी लावलीत ना? मग चला."

मला बसवायलाच पाच मिनिटं गेली. रस्त्यानं गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला मागे वळून बघत पुढे गेला. वळणानंतरच्या उखडलेल्या पट्ट्यात एक खड्डा चुकलाच नाही. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"दुखलं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

आता याला कुठला काटा आणायचा? मी ह्यांचा हात घेतला आणि दाबला. "एवढं."

ह्यांनी हात सोडवला नाही. मनात हिशेब केला. "म्हणजे अलॉयवर दुपटीनं. मग कशाला ठेवायची? देऊन टाकतो कुणाला तरी."

"खबरदार! आठ वर्षं शोधलीत ती. माझी पाठ काय जन्मभर अशीच राहणार आहे?"

बोलून गेले आणि मीच चपापले. चार महिन्यांत असं काही माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. हे माझ्याकडे बघत राहिले, गाडी सुरू करायचं विसरून.