घड्याळजींची कोरडी आंघोळ

घड्याळजी आंघोळीची चोरी करतात, याबद्दल माईंच्या मनात आता तसूभरही शंका उरली नव्हती. अख्ख्या संसारात नवरा कधी खोटं बोलला नाही, आणि आता म्हातारपणी न्हाणीघरात जाऊन खोटं गातो! कडी लावायची, तार सप्तकात गळा काढायचा, टकलावरून ओला हात फिरवायचा नि बाहेर यायचं. टॉवेल मात्र कोरडा ठणठणीत.

वास एक वेळ माईंनी सोसला असता. प्रश्न लिंबोणीचा होता. पावसाने तोंड फिरवल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. नळ आठवड्यातून एकदा नुसता खोकायचा. कोपऱ्यावरची बाग जळाली, कुंपणावरच्या वेलींच्या काड्या झाल्या. माईंनी स्वतःच्या हाताने लावलेली लिंबोणी तेवढी तग धरून होती, आणि तीही घरच्या कायद्यामुळे. प्रत्येकाने टबात उभं राहून आंघोळ करायची, साबण लावायचा नाही, आणि टबातलं पाणी लिंबोणीला. माईंचा टब अर्धा भरे, सुनेचा त्याहून जास्त. घड्याळजींच्या टबात मुंगीसुद्धा बुडाली नसती.

मग एका सकाळी आत गाणं रंगात आलेलं असताना माई घराला वळसा घालून न्हाणीघराच्या मागच्या दाराशी गेल्या. तिथल्या पायरीवर घड्याळजी उकिडवे बसून गात होते. डोळ्याला भिंग, हातात घड्याळदुरुस्तीच्या दुकानातला बारीक चिमटा, पुढ्यात कान तुटलेली कढई बादलीतल्या पाण्याने भरलेली. भिंतीवर साळुंक्या, पाइपावर खार, खाली शेजारचं मांजर. मांजर खारीकडे ढुंकून बघत नव्हतं, इतका त्याचा घसा सुकला होता. घड्याळजी बुडणारी मधमाशी चिमट्याने उचलून रुमालावर ठेवत होते.

"अहो!"

"हळू गं. हिची टिकटिक अजून चालू आहे."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माझी लिंबोणी तहानलेली, आणि तुम्ही गावभरच्या पाखरांना पाणी पाजताय?"

"बाहेर डबकं नाही, फूल नाही. जातील कुठे बिचारी?"

"खड्ड्यात! तिथे गारवा असतो."

कढई लिंबोणीच्या बुंध्यात उपडी झाली आणि माईंच्या पलंगाखाली गेली. घड्याळजी दुसऱ्या दिवसापासून खरी आंघोळ करू लागले. गाणं मात्र बंद.

लिंबोणी फुलली, आणि अशी फुलली की पान दिसेना. माई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवत होत्या. मग खारीने ओलाव्यासाठी कोवळ्या फांद्यांची साल कुरतडली, साळुंक्यांनी पालवी तोडली, आणि फुलं टपाटप खाली पडायला लागली. एक लिंबू धरेना.

"ह्यांच्या अंगातलं मीठ उतरलं असेल पाण्यात," माई म्हणाल्या.

सून झाडाखालचा सडा झाडत होती. "मामंजींना कशाला बोल लावताय, आई? फळ धरायला मधमाशी नको? पाण्याला यायच्या, जाता जाता फुलांवर बसायच्या. आता पाणीच नाही म्हटल्यावर ह्या एका झाडासाठी कोण एवढी पायपीट करील?"

"तुला फार कळतं," म्हणून माई आत गेल्या. पण दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्या झाडाखाली जाऊन बसल्या नि कान लावला. गुणगुण म्हणून नव्हती. फुलं आता एकाच फांदीवर उरली होती.

सकाळी घड्याळजींनी निथळत मागचं दार उघडलं आणि दारातच थबकले. पायरीवर माईंची पितळी परात होती. ह्या परातीला हात लावायची सुनेलाही मुभा नव्हती. परातीत पाणी, आणि पाण्यातून डोकं वर काढलेले गोटे. गोट्यांवर बसून मधमाशा आरामात पाणी पीत होत्या. त्यातली एक उडाली आणि त्या उरलेल्या फांदीवर जाऊन बसली. माईंचा टब भिंतीला टेकून उभा होता, कोरडा.

घड्याळजींनी हळूच आतल्या कोनाड्यातून आपला चिमटा घेतला.

"ठेवा तो जागेवर!" माई कडाडल्या. "पाणी ठेवायची अक्कल झाली, पण जिवाला पाय टेकायला जागा ठेवायची नाही झाली! आजपासून परात माझी आणि पाणी माझ्या वाटणीचं. मला ह्या वयात कोण हुंगतंय? तुम्ही मात्र रोज टबात उभं राहायचं, आणि गाणं म्हणायचं, मोठ्याने! मुकाट्याने आंघोळ करणाऱ्या माणसाचा मला काडीचा भरवसा नाही."