रॅस्मीच्या कोबीतला पक्षी

पूर्वेचा वारा सुटला की त्या बेटावर कुणाचं कामात मन लागत नाही. मेंढ्या टेकडीवरच राहतात, होड्यांची डागडुजी उद्यावर जाते आणि जो तो आपापल्या गडग्यापाशी मान खाली घालून हिंडत असतो. सैबेरियातून दक्षिणेला निघालेले चिमुकले पक्षी या वाऱ्याने भरकटतात आणि समुद्रात दिसेल त्या पहिल्या जमिनीवर येऊन पडतात. बेटावर झाडं जवळपास नाहीतच, म्हणून ते बिचारे कोबीच्या वाफ्यांत शिरतात.

गिब्बी आणि रॅस्मी यांचं शाळेपासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. रॅस्मीने एखादा पक्षी पूर्वेचा म्हटला की गिब्बीला तो पश्चिमेचा दिसायचाच. पण बेटाचा जुना दंडक असा, की एकट्याने पाहिलेला पक्षी मोजायचा नाही. दुसऱ्या कुणी 'मीही पाहिला' म्हटलं, तरच तो बेटाचा. पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची साक्ष चालते, पण गावात तिला कोण विचारतो? म्हणून हे दोघे भांडत भांडत जन्मभर एकमेकांचे साक्षीदार झाले होते. गिब्बीने उगाच मान डोलावली, असं कधी घडलं नव्हतं. पक्ष्याच्या पायांचा रंग दिसल्याशिवाय तो 'हो' म्हणत नसे.

त्या दिवशी सकाळी रॅस्मीच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर तांबडा टेबलक्लॉथ फडकला. काहीतरी मोठं सापडल्याची ही खूण. गिब्बी हातातला चहा तसाच टाकून निघाला. पोचतो तर गडग्याबाहेर पाहुण्यांची रांग लागलेली. सकाळच्या छोट्या विमानाने आलेली शहरातली पोरं, पाठीवर पिशव्या, गळ्यात दुर्बिणी. मालकाने बोलावल्याशिवाय कोबीत पाय टाकायचा नाही, एवढी शिस्त त्यांना ठाऊक होती.

"रेघाळ वटवट्या," रॅस्मी म्हणाला. त्याचा चेहरा लग्नातल्या यजमानासारखा फुलला होता. "पाठीवर काळ्या रेघा, जमिनीवरून सरसर पळत गेला. आता तू त्याला चिमणी ठरवशील."

"आधी बघू तर दे."

दारातून रॅस्मीच्या बायकोने, ओस्लाने, गिब्बीला खुणेने आत बोलावलं. ती तव्यावर बॅनॉक, म्हणजे जाड भाकरी, भाजत होती, पण एक बाजू करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"गिब्बी, त्याचे डोळे गेलेत," ती हळूच म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. ॲबर्डीनच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, आता सुधारायचं नाही. बघतो ते सगळं कडेकडेने. कुणाला सांगू देत नाही."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. म्हणाला, एक जरी पक्षी चुकला, तरी दुर्बीण खुंटीला टांगेन आणि चुलीपाशी बसेन. आणि तो बसला ना, की संपलाच बघ. मी ओळखते त्याला."

गिब्बीने करपलेला बॅनॉक उचलला आणि तो खात खात बाहेर आला.

रेघाळ वटवट्या हा पक्षी मोठा लबाड. तो उडत नाही, उंदरासारखा पळतो. दरवर्षी कुणी ना कुणी पाहुणा त्याला उंदीर समजून सोडून देतो आणि मग जन्मभर हळहळतो. म्हणून बेटावर पोरांना शिकवतात, की हलला तो आधी पक्षी समजा, उंदीर मागाहून.

गिब्बी गडग्याच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसला. बराच वेळ काही हललं नाही. मग कोबीच्या खालच्या पिवळ्या पानाआडून काहीतरी निघालं, सरसर पळालं आणि दगडांच्या फटीत शिरलं. पानांच्या सावलीने पाठीवर रेघा पडल्या होत्या खऱ्या. पण मागे शेपटी होती, लांब आणि बारीक. गिब्बीने ती नीट पाहिली. बाकी कुणाची नजर त्या कोपऱ्यात नव्हती.

"पाहिलास?" रॅस्मीने विचारलं. सगळी रांग गिब्बीकडे बघू लागली.

'मीही पाहिला' एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा सुखाने झोपला असता. पण खोटी साक्ष देणं गिब्बीच्या रक्तातच नव्हतं, आणि खरं बोलायला जीभ उचलेना.

"काहीतरी गेलं खरं," तो म्हणाला.

"कसं होतं?"

"झटकन गेलं."

रॅस्मीने मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने त्याला न्याहाळलं. मग त्याने पोरांना आत यायला सांगितलं. खांद्याला खांदा लावून त्यांनी पाऊल पाऊल पुढे टाकत सगळा वाफा पालथा घातला. एका पानालासुद्धा त्यांनी धक्का लावला नाही. काही निघालं नाही. ओस्लाने सगळ्यांना खारवलेल्या मटणाचं सूप दिलं, ते पिऊन पुन्हा शोधलं. शेवटी विमानाची वेळ झाली. "हा पक्षी असाच दगा देतो," असं समजूतदारपणे म्हणत, रॅस्मीचे आभार मानून पोरं गेली. त्यांचा तो समजूतदारपणा गिब्बीला शिव्यांपेक्षा लागला.

दोघे म्हातारे घरामागे, बुटक्या विलोच्या झुडपाच्या आडोशाला दगडावर बसले. वारा थोडा पडला होता.

"उंदीर होता ना?" रॅस्मीने विचारलं.

गिब्बीने बुटाच्या टोकाने गवत उकरलं.

"अरे, तू भांडला नाहीस, तेव्हाच कळलं मला. खरा पक्षी असता तर तू म्हणाला असतास, रेघा कमी आहेत, शेपूट आखूड आहे, तुझ्या बापाने तरी असा वटवट्या पाहिला होता का. तू गप्प बसलास. ओस्लाने सांगितलं तुला."

"सांगितलं."

"मग? आता कीव करणार माझी?"

गिब्बीला रडायला आलं, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला. "कीव कसली करतो? उंदीर होता. चांगला वीतभर शेपटीचा. लोक विमानं करून आले, तू डोंगर पोखरलास आणि उंदीर काढलास. उद्या मेंढी दाखवून गरुड म्हणशील."

रॅस्मी खो खो हसला. डोळे पुसता पुसता म्हणाला, "हां, आता बरं वाटलं. पण दुर्बीण मात्र टांगली मी."

"नको टांगूस."

"काय करू गळ्यात घालून? शोभेला?" रॅस्मीने आवाज खाली आणला. "आणि लपवाछपवी काय मी एकट्यानेच केली? आपण बसल्यापासून तुझ्या डोक्यावर पिवळ्या भुवईचा वटवट्या ओरडतोय. तू एकदा तरी मान वर केलीस?"

गिब्बीने वर पाहिलं. त्याच्या कानांत फक्त वारा होता. बारीक, उंच आवाज त्याला किती तरी दिवसांत ऐकू आले नव्हते, आणि ते कुणाला कळलेलं नाही असंच तो समजून होता.

"तुला माहीत होतं?"

"तिसरा हंगाम हा. बोललो नाही, कारण तू चुलीपाशी बसला असतास."

मग रॅस्मीने डोळे मिटले, कान दिला आणि हाताने दाखवलं. "डावीकडे. अजून वर. आता थांबला... आता शेंड्याला आला बघ."

गिब्बीने दुर्बीण लावली. दुर्बीण हलू नये म्हणून कोपर रॅस्मीच्या खांद्यावर टेकवलं.

"भुवई दिसते?"

"थांब, घाई करू नकोस," गिब्बी म्हणाला. "आधी पाय बघू दे."

रॅस्मी खांदा न हलवता बसून राहिला.

"मीही पाहिला," गिब्बी म्हणाला.