तोंड कुठी हाय?

जाहिदाचं काम एकच. मुखवटा घालून अंगणवाडीत शिरायचं, पोरासमोर उभं राहायचं, बोलायचं काहीच नाही. पोर घाबरलं की सुनिल सर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ घेणार. मग मुखवटा काढायचा, हसायचं, चॉकलेट द्यायचं. चार देशांतली चार वर्षांची पोरं किती घाबरतात, याची म्हणे तुलना चालली होती. पोरांना घाबरवून शहाणपण गोळा करणारे लोक जगात आहेत, आणि सुनिल सर नागपूरहून त्यांच्याच कामाला आले होते.

मुखवटा मूल गावच्या बाजारातला. पांढरा, वटारलेल्या डोळ्यांचा, काळ्या मिशांचा. जाहिदा मूलचीच. पहिला सराव तिनं स्वतःच्या लेकीवर केला होता. मदीहा अशी किंचाळली की तिला संध्याकाळी ताप भरला. सर खूश. "एकदम बढिया, जाहिदाताई!" आणि लेक फणफणत असताना जाहिदाही हसली होती.

सिंदेवाहीकडच्या या गावात मात्र सगळंच उलटं. एका पोरानं मुखवट्याकडे पाहून नाक शिंकरलं. दुसऱ्यानं त्याची मिशी ओढली. सरांचं तोंड आंबट झालं.

"इथल्या पोरांना भावनाच नाहीत की काय?"

शेवटी मयुरी उरली. तिची आई चंदा भिंतीला टेकून बसली होती.

"सर, माही पोरगी रडत नाई," ती आधीच बोलली. "मागच्या मोहफुलाच्या टायमाले तिच्या बापाले वाघानं नेलं. तईपासून डोळ्यात पाणी नाई. लोकं दगड म्हणते तिले."

"म्हणूनच तपासू ना बाई. घाबरण्याला शून्य मार्क आले तर नाव मोठ्या दवाखान्यात जाईल. मग वेगळी शाळा."

"वेगळी म्हंजे कोणती?"

"मंद पोरांची असते ती."

चंदानं मयुरीच्या झग्याची कॉलर उगाच सरळ केली. "रड व माय," ती लेकीच्या कानात म्हणाली, "भेव वाटलं तं रडजो."

जाहिदा आत आली. उभी राहिली. मुखवट्याच्या भोकांतून तिला पोरगी दिसत होती. मयुरीनं वर पाहिलं. ओठ हलला नाही, पापणी लवली नाही. खरंच दगड, जाहिदाच्या मनात आलं.

"बस. शून्य," म्हणत सरांनी मोबाईल बंद केला.

तेवढ्यात मयुरी चालायला लागली. जाहिदाच्या ओढणीला हात लावत, कडेकडेनं तिच्या मागे गेली. मान वर करून पाहिलं.

आणि किंचाळली.

माणसाचं पोर असं किंचाळताना जाहिदानं कधी ऐकलं नव्हतं. मदीहाचं रडणं त्यापुढे खेळ होता. बाहेरची कुत्री भुंकायला लागली. जाहिदा खाली बसली, तर पोरगी दोन्ही हातांनी तिचे केस ओरबाडत होती, केसांत काहीतरी शोधत होती. "तोंड नाई! आई, याले तोंड नाई! तोंड कुठी हाय?"

चंदानं तिला ओढून छातीशी घेतलं. जाहिदानं मुखवटा उपटला. "बेटा, देख, इथी हाय, हे पाह्य तोंड!" पण पोरगी बघेना.

"हिला झालं काय?" सर म्हणाले.

चंदा पोरीची पाठ चोळत सांगायला लागली. "आम्ही मोहफुलं वेचाले जातो तं असाच मुखवटा डोस्क्याच्या मागं बांधतो. वाघ मागून येते ना. खाली वाकलं की पोरीले मुखवटाच दिसते. तिच्यासाठी मुखवटा म्हंजे आईची पाठ होय, सर. तोंड पल्याड रायते. थे पाहाले गेली ती." तिनं पोरीचं डोकं छातीशी दाबलं. "तिच्या बापाले आणलं तं गुंडाळूनच आणलं. तोंड उघडून दाखवाजोगं नवतंच. ही विचारे, बाबाचं तोंड कुठी हाय? म्या म्हटलं, पल्याडच्या बाजूनं हाय, बाई. म्याच म्हटलं."

जाहिदाच्या हातातला मुखवटा घामानं ओला झाला होता.

सर बोलले. "ताई, मुखवटा घाला परत. मोबाईल बंद होता. असं रडणं कुठंच मिळालं नाही आपल्याला."

"सर, बच्ची थरथरून राह्यली."

"म्हणूनच तर! एकदाच. मग शून्य खोडतो. बाई, तुमच्याच पोरीच्या भल्याचं आहे. दगड नाही हे कागदावर येईल."

जाहिदानं चंदाकडे पाहिलं. चंदाची मिठी सैल झाली. खोटं कशाला सांगायचं, झाली. वर्षभर दगडाची आई म्हणून जगलेली बाई ती. एकदाच म्हणतात, मग कोणी दगड म्हणणार नाही. मयुरीचे पाय जमिनीला टेकले. पोरीनं खालून आईचा पदर मुठीत धरला आणि ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

चंदानं तिला पुन्हा उचललं.

"लिहा शून्य," ती म्हणाली.

"बाई, विचार करा. दवाखान्यात नाव गेलं की..."

"जाऊ द्या. येतो म्या दवाखान्यात. थ्या डाक्टरले सांगीन, माही पोरगी कशी रडते थे. तुमाले दाखवाले नाई रडवत मी तिले."

मग ती जाहिदाकडे पाठ करून उभी राहिली. "बांध व बाई. माहे हात मोकळे नाईत."

जाहिदाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिनं मुखवटा चंदाच्या डोक्यामागे ठेवला आणि नाडीची गाठ मारली. गाठ घट्ट बसेना, पुन्हा मारली.

चंदा निघाली. कडेवरच्या मयुरीनं दोन्ही हातांनी आईचे गाल धरले होते. नाक चाचपलं, ओठ चाचपले. रडणं अजून थांबलं नव्हतं.

सर मोबाईलवर शून्य टाकत होते. टाकून मान वर केली तर वटारलेले दोन डोळे दारातून त्यांच्याकडेच बघत लांब लांब चालले होते. सर दचकून मागे सरकले ते पोरांच्या वजनकाट्यावर आपटले. मोबाईल हातातून पडला.

"चॉकलेट देऊ का, सर?" जाहिदानं विचारलं, आणि पिशवी तिथेच टाकून ती मदीहाकडे, मूलला निघाली.