गरम फडक्याची परीक्षा

धक्क्याचे मॅनेजर पाच वाजता येणार होते. त्यांना वास आला, तर बाबांची शिडाची होडी धक्क्यावरून हलवावी लागणार होती, आणि एकदा जागा गेली की होडी विकण्यावाचून इलाज नव्हता. शेजारच्या दोन होडीवाल्यांनी तक्रार केली होती. हे सगळं बाबांनी लेकीला धक्क्यावर पोचल्यावर सांगितलं. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "शनिवारी मोकळी आहेस का? संडासाचं काम आहे."

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईला असं आमंत्रण दुसऱ्या कुणी दिलं नसतं. जुने कपडे घालून ती सकाळी नऊलाच हजर झाली.

बाबांनी मैल्याची टाकी आदल्या दिवशीच उपसून घेतली होती, गोड्या पाण्याने दोनदा धुतली होती. संडासाच्या हातपंपातली रबराची झडपही नवी बसवली होती. तरी शिडी उतरताच तिच्या नाकात तो वास घुसला.

"बाबा, वास आहे."

"पाइपाचा असेल. फडकं लावून बघू."

फडक्याची परीक्षा घरातली जुनी. वास एकदा केबिनभर भरला की पाइपाला नाक लावून काही कळत नाही. म्हणून स्वच्छ फडकं कढत पाण्यातून पिळून पाइपाभोवती गुंडाळायचं, निवू द्यायचं आणि वर उघड्यावर नेऊन हुंगायचं. पाइपाच्या भिंतीत वास मुरला असेल तर तो फडक्यात उतरतो. गुंडाळायचं काम बाबांचं, हुंगायचं आईचं. आई डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि मग निकाल द्यायची. त्यावर अपील नसे.

आज बाबांनीच गुंडाळलं आणि बाबांनीच हुंगलं. "हा ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी फडकं तिच्या हातात दिलं.

तिने ते नाकाजवळ नेलं आणि मान वळवली. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही चुकला नसता इतका स्पष्ट वास होता. तिने बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे न बघता दुसरं फडकं पिळत होते.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

त्यांनी फडकं झटकलं. "आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. चहा काय आणि गरम पाणी काय, मला सारखंच."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय? तू तुझं नाक पोस्टाने पाठवणार होतीस?"

तिला हसू आलं. तिने पंपाचा दांडा वरखाली करून पाहिला. हलका चालत होता. "हापसे किती मारता तुम्ही?"

"मारतो की."

"किती?"

"आठ-नऊ. पुढे खांदा ऐकत नाही."

वीस मारायचे, हा आईचा नियम होता. विसाव्या हापशाला सगळं टाकीत पोचतं. त्याआधी थांबलं तर पाइपातच पडून राहतं आणि मुरत जातं. कुणाच्या शब्दावर आईचा विश्वास नव्हता. संडासातल्या माणसाने मोठ्याने मोजायचं आणि वर बटाटे सोलता सोलता तिने ऐकायचं. "चौदाच झाले, अजून सहा," अशी हाक खाली यायची. एकदा बाबांच्या ऑफिसातले बडे साहेब होडीवर आले होते. ते गुपचूप बाहेर पडू लागले तशी आईने सोलणं थांबवून, अतिशय आदराने, "साहेब, सात राहिले," म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. धाकटा भाऊ हसून हसून पाण्यात पडायचा राहिला. ती स्वतः तेव्हा पंधरा वर्षांची होती. लाजेने तिने ती पूर्ण सुट्टी घरी काढली. आता तिला वाटलं, वाऱ्याचे, उन्हाचे, त्या चौघांचे केवढे दिवस आपण त्या एका रुसव्यापायी वाया घालवले.

"जुना पाइप काढते मी. तुम्ही फक्त सांगा."

"हातमोजे घाल. आणि ओढू नकोस, पिळत पिळत काढ."

पाइप निघाला. आतून पांढरट कठीण थर चढून दोन बोटांची वाट एका बोटाची झाली होती. बाबांनी असावा म्हणून आणून ठेवलेल्या नव्या पाइपाचं तोंड उकळत्या पाण्यात धरून तिने मऊ केलं, तोटीवर चढवलं आणि प्रत्येक टोकाला स्क्रूच्या दोन-दोन पट्ट्या आवळल्या.

"स्क्रू समोरासमोर नकोत, उलटसुलट ठेव," बाबा म्हणाले.

"ठेवलेत."

"आईवर गेलीस. पुरतं बोलू देत नाहीस."

साडेचार वाजता केबिनमध्ये वास जाणवेनासा झाला. उरला टाकीतून वर, ती उपसायला डेकवर जे झाकण असतं तिथपर्यंत जाणारा दुसरा पाइप. तिने त्याला फडकं गुंडाळलं, निवल्यावर वर नेलं. बाबा मागोमाग शिडी चढले.

"नाही ना येत?" त्यांनी विचारलं. आवाजात एवढी आशा होती की नाही म्हणणं सोपं होतं. शिवाय वास अगदी पुसट होता.

तिने डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. "आहे. थोडा आहे, पण आहे."

बाबांनी तिच्या हातातलं फडकं घेऊन बादलीत टाकलं.

पाचला मॅनेजर आले. खाली उतरून त्यांनी दोन-तीनदा नाक ओढलं, कपाटं उघडली. "काका, मला तर काहीच येत नाही. झालं तुमचं काम." त्यांनी खिशातून पेन काढलं.

"सही करू नकोस," बाबा म्हणाले.

"का?"

"हिला येतोय. एक पाइप बाकी आहे. पुढच्या शनिवारी बदलतो, मग ये."

"अहो, मी पास करतोय. पुढच्या शनिवारी मला आला तर जागा जाईल. माझं नाक काय वाईट आहे?"

"तुझं कागदापुरतं ठीक आहे."

मॅनेजरनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पेन खिशात परत ठेवलं. "बरं, शनिवार. पण शेवटचा."

ते गेल्यावर बाबा बराच वेळ फडकी धुऊन, पिळून दोरीवर टाकत होते. मग पाठमोरेच म्हणाले, "जमेल ना तुला?"

"दुपारनंतर. सकाळी पोरांची तोंडी परीक्षा आहे."

तिने पाइपाला टेप लावली. "दोन मीटर दहा."

"सव्वादोन आण," बाबा म्हणाले. "वळणाला कमी पडतो."