सहावा रकाना

डॉक्टरकाका आला तेव्हा लॅबवालीने त्याला चालीवरूनच ओळखलं. दोन्ही पाय फाकवत, पँटचा पट्टा अंगठ्याने पोटापासून दूर धरत तो काउंटरपाशी आला. डॉक्टर तो मुळीच नव्हता. औषधांचं दुकान चालवायचा आणि चिठ्ठी नसली तरी कुणाला रिकाम्या हाताने पाठवायचा नाही, म्हणून वस्तीने त्याला ही पदवी बहाल केली होती. मास्कमुळे त्याने तिला ओळखलं नाही.

ती मात्र त्याला मेल्यावरही विसरली नसती. तिची धाकटी बहीण लहान मुलांना पोहायला शिकवायची. मांडीवर बटणाएवढा नायटा उठला, तेव्हा याने एक ट्यूब दिली. तीन दिवसांत लाली गेली, खाज गेली, धाकटी त्याचे गोडवे गाऊ लागली. महिन्याभरात नायटा पाठीवर, मग मानेवर. पुन्हा तीच ट्यूब. वर्षभर हेच चाललं, शेवटी पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं आणि धाकटीची नोकरी गेली. दोघी बहिणी जाब विचारायला गेल्या, तर भरल्या दुकानात हा गृहस्थ धाकटीला म्हणाला, "तुम्ही रोज अंघोळ करता ना?" गिऱ्हाइकं हसली. पुढे योग्य औषधाने नायटा गेला, पण मांड्यांवर ट्यूबने पाडलेले पांढरे चरे राहिले. त्यानंतर धाकटी पाण्याकडे फिरकली नाही.

त्या ट्यूबची करणी लॅबवालीला तिच्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावली होती. त्वचेत पहारेकरी पेशी असतात. बुरशी शिरली की त्या इतर पेशींना हाका मारून गोळा करतात, आणि लाली-खाज म्हणजे त्या हाणामारीचा गोंगाट. ट्यूबमधलं स्टिरॉइड पहारेकऱ्यांनाच झोपवतं. गोंगाट थांबला की माणूस खूश होतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती लॅबवालीला फार आवडली होती. लढाई झालेल्या जागी काही पेशी मुक्काम ठोकून बसतात, आणि तोच शत्रू खूप दिवसांनी आला तरी त्याला बरोबर ओळखतात.

तिने फॉर्म पुढे सरकवला. सहाव्या रकान्यात लिहायचं होतं, आधी काय लावलं आणि कुठून घेतलं. चिठ्ठीशिवाय औषधं विकणाऱ्या दुकानांवर कारवाई व्हावी म्हणून बाई असे फॉर्म औषध तपासणी कार्यालयाला पाठवायच्या, तसं फॉर्मच्या तळाशी छापलेलंही होतं. पण या दुकानाचं नाव आजवर कुणी लिहिलं नव्हतं. अडीअडचणीला तोच धावून येतो, वाईटपणा कोण घेणार?

डॉक्टरकाकाने ट्यूबचं नाव लिहिलं आणि पुढे रेघ ओढली. दुसऱ्यांना देता देता त्याचा स्वतःचाच त्या ट्यूबवर विश्वास बसला होता. आता एक दिवस ती लावायची राहिली की जीव नकोसा व्हायचा.

"कुठून घेतलं ते राहिलं," ती म्हणाली.

तो हसून म्हणाला, घरचंच दुकान आहे, त्यात काय लिहायचं. तिने ठोकून दिलं की रकाना भरल्याशिवाय नमुना घेता येत नाही. मग त्याने दुकानाचं नाव, पत्ता लिहिला आणि झोकदार सही ठोकली. तळाचा मजकूर वाचायची तसदी त्याने घेतली नाही. गिऱ्हाइकांना तरी त्याने कधी काही वाचू दिलं होतं?

तिने त्याच्या पोटावरची खपली खरवडून काचपट्टीवर घेतली, खपली विरघळवणारा पोटॅशचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने मायक्रोस्कोपला डोळा लावला. बुरशीचं जाळं नुसतं माजलं होतं. तिच्या हातात पेन होतं. "आढळली नाही" एवढं लिहिलं की झालं. बाई साधा इसब समजून पुन्हा स्टिरॉइडच देतील, आणि हा धाकटीसारखा वर्षभर सडेल. तिचा हात खरोखरच त्या ओळीवर गेला.

मग तिला आठवलं, खरा रिपोर्ट दिला तर काय होतं. बाई ट्यूब त्याच दिवशी बंद करायला लावतात. झोपवलेले सगळे पहारेकरी एकदम जागे होतात, आणि औषध लागू पडेपर्यंत माणूस कातडी ओरबाडत बसतो. धाकटीने ते तीन आठवडे काढले होते. तिने ठळक अक्षरांत लिहिलं, "बुरशी आढळली. भरपूर."

रिपोर्ट देताना तिने मास्क खाली ओढला. बाकावर सात-आठ जण बसले होते.

"काका, तुम्ही रोज अंघोळ करता ना?"

त्याचा चेहरा पडला. आता त्याने तिला ओळखलं. करतो, असं तो कसंबसं म्हणाला.

"माझी बहीणही करायची. दिवसभर तर ती पाण्यातच असायची."

संध्याकाळी धाकटीने सगळं ऐकून घेतलं. पुन्हा पुन्हा विचारून त्याच्या सहीची खात्री करून घेतली. मग म्हणाली, "ताई, खूप खाजवत होता का गं?"

"आज कुठे? परवापासून बघ."

धाकटी हसायला लागली, आणि बराच वेळ हसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने कारण नसताना त्या दुकानावरून दोन चकरा मारल्या.