कधीही ये

“मॅडम, तुम्ही तिथून परत का आलात?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि वर्गातल्या सगळ्या माना धाकटीकडे वळल्या. मागच्या बाकावर चष्मिशने लंबूला कोपराने ढोसलं. विचारलं बाई हिने! क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा पैजेवर लागला होता. चष्मिशचं म्हणणं, मॅडमना तिकडून हाकलून दिलं असणार. लंबूचं म्हणणं, प्रेमभंग. दोघींचं एकमत एवढंच, की हे विचारायची धाकटीची काही टाप नाही.

वर्षभरापूर्वी खरंच नव्हती. तेव्हा ही मुलगी शाळेत हजेरी द्यायची तीसुद्धा पुटपुटत. मग आईने तिला इंग्रजी संभाषणाच्या या शनिवारच्या वर्गात घातलं आणि कुठून कोण जाणे, तिला कंठ फुटला. आता ती पोस्टमनला थांबवून त्याच्याशी इंग्रजीतून हवापाण्याच्या गप्पा मारायची. बाबा तिला ‘भोंगा’ म्हणायला लागले होते, वर्गातही तेच नाव पडलं होतं, आणि तिला ते बिरुद शोभूनही दिसत होतं.

पण आजचा प्रश्न बिस्किटांसाठी नव्हता. तिची ताई तीन वर्षं सात महिने इंग्लंडमध्ये होती, एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून. गेल्यापासून एकदाही घरी आली नव्हती. तिकडे गेलेलं माणूस परत येतं ते कशामुळे, हे धाकटीला हवं होतं. आणि तिच्या ओळखीत परत आलेलं माणूस एकच होतं. ते आत्ता समोर खडू हातात धरून उभं होतं.

मॅडमनी खडू ठेवला, बोटं झटकली.

“पाऊस फार,” त्या म्हणाल्या. “छत्री वाळायचीच नाही.”

वर्ग खदखदून हसला. मॅडमची छत्री खिळ्याला टांगलेली होती. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी ती तिथे असायचीच. धाकटीही हसली, पण बसता बसता तिला वाटलं, हे उत्तर नव्हतं. जणू कुणी आपल्या हातावर काहीतरी ठेवलं आणि मूठ उघडली तर रिकामी.

“चला, आज चहाचं आमंत्रण,” मॅडम म्हणाल्या. “लंबू, तू घरमालकीण. आणि आपला भोंगा शेजारीण.”

वर्ग शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर भरायचा. खालच्या शिलाई मशीनची धडधड जमिनीतून तळपायांना लागायची. कपाटाचं दार हे साहेबाच्या घराचं दार. लंबू त्या दाराआड उभी राहिली, जेमतेम नाक बाहेर काढून. धाकटीने टकटक केलं. दोघींनी पाठ केलेलं सगळं ओळीने म्हटलं: कशी आहेस, मी छान, तू कशी, आज हवा काय सुंदर आहे नाही, पण दुपारनंतर ढग येतील म्हणतात. मग लंबूने मान तिरपी केली आणि मधाळ आवाजात म्हटलं, “यू मस्ट कम टू टी सम टाइम.”

“थँक्यू! आय विल कम!” धाकटी म्हणाली, आणि थेट कपाटात शिरायला निघाली.

“अगं बाई, मला चेंगरशील!” लंबू मराठीत किंचाळली.

“थांब, थांब.” मॅडम हसत नव्हत्या. “तिने तुला बोलावलंय का?”

“हो की. चहाला ये म्हणाली ना.”

“कोणत्या वारी?”

धाकटीने लंबूकडे पाहिलं. लंबूने खांदे उडवले.

“किती वाजता?”

“ते नाही सांगितलं.”

“मग नाही बोलावलं,” मॅडम म्हणाल्या. “वहीत लिहून घ्या सगळ्यांनी. वार आणि वेळ सांगितली, तर ते बोलावणं. नाही सांगितली, तर ते नुसतं गोड बोलणं. आपण हसायचं, थँक्यू म्हणायचं आणि आपल्या घरी जायचं. त्यांना राग नसतो, आपणही धरायचा नाही.”

“म्हणजे खोटंच की, मॅडम,” चष्मिश मागून म्हणाली.

“खोटं नाही गं. रीत.”

तास संपला तशा मुली जिन्यावरून धडाधड उतरल्या. पुड्यावरून भांडण जिन्यातच सुरू झालं होतं. उत्तर मिळालं नाही, तर पैज जिंकली की हरली? धाकटी मात्र मागे राहिली. सरावासाठी आणलेले कप धुवून ठेवायची पाळी तिची नव्हती, तरी तिने बाह्या वर केल्या.

मॅडमनी नळ सोडला. त्या धुवत होत्या, ती पुसत होती. दोन कप झाले, तीन झाले.

“माझी ताई तिकडे आहे, मॅडम.”

“माहीत आहे. दर शनिवारी सांगतेस.”

धाकटी ओशाळली. मॅडमनी नळ बारीक केला.

“पहिल्या वर्षी मला शेजारणीने असंच म्हटलं होतं, चहाला ये कधीतरी. मी तीन दिवस त्याच आनंदात होते. रविवारी केक घेतला, नीट खोक्यात बांधून, आणि गेले. तिने दार उघडलं, एवढंसं.” मॅडमनी ओल्या हाताने वीतभर अंतर दाखवलं. “म्हणाली, अय्या, किती छान. मग आम्ही हवेबद्दल बोललो. तिथेच, दारात. दहा मिनिटं झाली असतील. आतून कुणीतरी टीव्ही लावला. मग मी म्हटलं, बरं, निघते.”

“आणि केक?”

“हातातच होता की. तिला वाटलं असेल, मी दुसरीकडे कुठे निघालेय. मी घरी जाऊन खाल्ला. चार दिवस पुरला.”

धाकटीला हसू आलं, आणि तिने ते ओठांतच दाबलं. मॅडमची पाठ तिच्याकडे होती. बारीक खांदे, इस्त्रीची कडक घडी.

“नंतर शिकले. अकरा वर्षांत इतकी शिकले, की मीही लोकांना म्हणायला लागले, या हं कधीतरी. आणि कुणी यायचं नाही. सगळं सुरळीत.”

“मग परत का आलात?” या वेळी तिचा आवाज भोंग्यासारखा नव्हता.

मॅडमनी शेवटचा कप विसळला, उजेडाला धरला, पुन्हा विसळला.

“आईचं पत्र आलं. तीन तारखेला दुपारी जेवायला ये, साडेबारा वाजता. एवढंच.”

“काय होतं तीन तारखेला?”

“काही नाही. जेवण होतं.”

“त्याआधी कधी बोलावलंच नव्हतं तुम्हाला?”

“प्रत्येक पत्रात,” मॅडम म्हणाल्या. “कधीही ये, म्हणून.”

त्यांनी नळ घट्ट बंद केला, खिळ्यावरची छत्री काढली आणि बाहेर लख्ख ऊन असताना ती हातात घेऊन जिना उतरल्या.

रविवारी संध्याकाळी सहाला ताईचा फोन यायचा. आई पावणेसहालाच केस विंचरून बसायची. फोन उभा करायची जागा ठरलेली, धाकटीच्या टेबलावर, पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून. बाबा सुतार. त्यांनीच ते टेबल केलं होतं, वर्षापूर्वी, ताईची खाट मोडून. खोली एवढीशी, आणि दहावीच्या पोरीला अभ्यासाला जागा नको का? फळ्या एवढ्या साफ रंधल्या होत्या, की खाटेची खूण कुठे उरली नव्हती. फक्त खालच्या बाजूला रंधा फिरवायचं राहून गेलं होतं. तिथे ताईने लहानपणी चिकटवलेले चांदण्यांचे कागद तसेच होते. गणित अडलं की धाकटीची बोटं आपोआप टेबलाखाली जायची. नऊ चांदण्या होत्या. दहाव्या चांदणीची नुसती गोंदाची खूण.

ताई पडद्यावर आली. निळा गणवेश, केस मागे घट्ट बांधलेले, मागे स्वयंपाकाचा ओटा आणि त्यावर एकच कप.

“कशी आहेस गं?” आई म्हणाली.

“मजेत. तुम्ही?”

“आम्ही मजेत. काय नवीन?”

“इकडे आज ऊन पडलंय. सकाळी ढग होते, पण आता अगदी स्वच्छ.”

“वा, बरं झालं,” बाबा म्हणाले, जणू त्यांचेच कपडे तिकडे वाळत होते.

धाकटी एरवी या वेळेपर्यंत मध्ये तोंड घालून मोकळी झालेली असायची. आज ती बाबांच्या खांद्यामागे उभी होती. वहीतलं पान तिच्या डोळ्यांसमोर येत होतं. कशी आहेस, मी छान, तू कशी, आज हवा काय सुंदर.

“एप्रिलमध्ये माझी रजा आहे,” ताई म्हणाली. “बारा दिवस. घेतली नाही तर वाया जाईल.”

“घे की मग. मस्त झोप काढ,” आई म्हणाली.

“हो. म्हणजे, अजून ठरवलं नाही काय करायचं.” ताईने तो एकुलता एक कप उचलला, आत पाहिलं, खाली ठेवला. “तुमची गडबड असेल ना एप्रिलमध्ये? धाकटीची परीक्षा वगैरे?”

“परीक्षा तर मार्चमध्येच संपते,” आई म्हणाली. “आमची कसली गडबड? पण तू आमच्यासाठी जिवाची ओढाताण करू नकोस हं. एवढा लांबचा प्रवास. तुझ्या सोयीने ये. तुझंच घर आहे, कधीही ये.”

“हो,” ताई म्हणाली. “येईन ना कधीतरी. थँक्यू आई.”

थँक्यू. आई हसत होती, तिला मुलीचं हे थँक्यू गोड वाटायचं. बाबा मान डोलावत होते. आणि धाकटीला दिसलं, पडद्यावर ताई दारात उभी होती. हातात बांधलेलं खोकं, समोर वीतभर उघडं दार, आणि आतून तिची आपली माणसं तिला प्रेमाने सांगत होती, अय्या, किती छान.

“ते नवीन टेबल अजून चकाकतंय,” ताई म्हणाली. फोन जरा कलंडला होता, त्यामुळे तिला टेबलाची कड दिसत असावी.

“तुझ्या खाटेचं लाकूडच तसलं!” बाबा खूश झाले. “मुरलेलं. पन्नास वर्षं हलायचं नाही बघ.”

“लव्हली,” ताई म्हणाली. “खरंच खूप छान झालंय. चला, ड्यूटीवर निघते. आता ढग येतील म्हणतात.”

पडदा काळा झाला. त्यात तिघांचे चेहरे दिसले, एकाला एक चिकटून.

आईने बाहीने फोनची काच पुसली. “मजेत आहे पोर,” ती म्हणाली, आणि तरीही फोन खाली ठेवेना.

बाबा उठायला लागले. “भोंगा आज बंद का? बॅटरी उतरली?”

धाकटीने टेबलाखाली हात घातला. पहिली चांदणी, दुसरी, तिसरी. मग तिने हात बाहेर काढला आणि भिंतीवरचं कॅलेंडरच खाली उतरवलं. मार्च उलटून टेबलावर पसरलं.

“आई, तू हॉस्पिटलच्या खिडकीत बसून दिवसभर काय करतेस?”

“हे काय विचारणं? नावनोंदणी करते. पेशंटला तारखा देते.”

“नुसती तारीख?”

“वेळही देते. सोमवारी दहा, मंगळवारी सव्वाअकरा. नाहीतर कोण येणार? काय झालंय तुला?”

धाकटीने कंपासपेटीतून लाल पेन काढलं आणि एका चौकोनाभोवती गोल केला. गोल वेडावाकडा आला, म्हणून त्यावरच पुन्हा एक केला.

“बावीस एप्रिल. शनिवार. संध्याकाळी साडेसात,” ती म्हणाली. “ताईला घरी जेवायला बोलवायचं. मी आजच कळवणार आहे, लेखी.”

“अगं, असं तारीख-वार घालून?” आई गडबडली. “ती काय परकी आहे? तिला वाटेल, आपण बळजबरी करतोय. तिची कामं असतील, प्रवास...”

“नसेल जमत तर ती नाही म्हणेल. नाही कसं म्हणायचं, ते तिकडे सगळ्यांना येतं. आम्हालासुद्धा शिकवलंय.”

“पण बावीसला आहे तरी काय?” बाबांनी विचारलं.

“काही नाही,” धाकटी म्हणाली. “जेवण आहे.”

आईने कॅलेंडर स्वतःकडे ओढलं आणि दिवस मोजल्यासारखी बोटं त्या चौकोनांवरून चालवली. एका ओळीनंतर बोट थांबलं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

धाकटीने टेबलावरची पुस्तकं उचलली. भूगोल, बीजगणित, इंग्रजी संभाषणाची वही, सगळा गठ्ठा हनुवटीखाली दाबून तिने जमिनीवर, भिंतीकडेला नेऊन ठेवला. मग टेबलाच्या रिकाम्या फळीवर थाप मारली.

“आणि बाबा, तोपर्यंत याची परत खाट करायची. मी खाली बसून अभ्यास करीन. फक्त एक लक्षात ठेवा, खालच्या बाजूला रंधा मारायचा नाही.”