मांडीवरचं टिंब

‘न्हाऊ घातल्यावर बाळाला पुसून थोडा वेळ माडीवर घ्यावे.’ बालसंगोपनाच्या पुस्तकाची प्रुफं तपासताना हे वाक्य माझ्या नजरेखालून बिनबोभाट गेलं. छपाईच्या आदल्या दिवशी संपादकबाईंनी ते धरलं.

“अहो, नुकतं न्हायलेलं पोर वरच्या मजल्यावर कशाला न्यायचं? मांडीवर घेऊ दे की!” त्या हसल्या, मग म्हणाल्या, “पुढचं पुस्तक हवं असेल तर आधी नीट दिसणारा लॅपटॉप घ्या.”

पुढचं पुस्तक मला हवंच होतं. लेक झाल्यापासून घरबसल्या मिळालेलं हे पहिलंच काम, आणि माझ्या जुन्या स्क्रीनवर अनुस्वार दिसत नसे, त्याचा अंदाज बांधावा लागे.

म्हणून आम्ही तिघं दुकानात गेलो. मी, नवरा आणि त्याच्या कडेवरून सारखी निसटणारी आमची भिंगरी.

“ताई, हा फोर-के घ्या. पिक्चर काय झकास दिसतो!” विक्रेता म्हणाला.

“मला पिक्चर नको, टिंबं बघायचीत.”

त्याने नवऱ्याकडे पाहिलं.

“तिचा धंदाच टिंबांचा आहे,” नवरा म्हणाला.

सगळ्यात स्वस्त स्क्रीनवर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत होत्या. फोर-केवर सुबक, पण बॅटरी लवकर संपते हे विक्रेत्याने आढेवेढे घेत कबूल केलं. फुल एचडीवर वेलांट्या, रफार, टिंबं सगळं स्वच्छ. तेवढं मला पुरे होतं.

मग चकचकीत की मॅट? चकचकीत स्क्रीन म्हणजे आरसाच. त्यात माझे विस्कटलेले केस दिसले, आणि मागे खाली बसून चार्जरची वायर तोंडात घालणारी भिंगरी!

“अरे, धर तिला!” मी ओरडले. नवऱ्याने वायर सोडवली. “हाच घेऊ. घरी ती माझ्या पाठीमागे पलंगावर असते. दर दोन ओळींनी मान वळवून माझ्या मानेचा काटा ढिला झालाय. यात ती दिसत तरी राहील.”

“आधी टिंबं तर बघ.”

मला पाठ फिरवायला लावून त्याने दोन्ही लॅपटॉपवर मजकूर टाईप केला, मुद्दाम चुका करून. मॅटवरच्या सगळ्या मी पटापट सांगितल्या. चकचकीतवर मात्र अडले.

“‘बागेत’वर टिंब का दिलंस? मुलांना बांगेत न्यायचं?”

“मी कुठे दिलं?”

मी वाकून पाहिलं, तर टिंब शेजारच्या शब्दावर जाऊन बसलं. छतावरच्या बारक्या दिव्याचं प्रतिबिंब होतं ते! विक्रेतासुद्धा खो खो हसला. मला मात्र हसू येईना. टिंबं सांभाळू की पोरगी?

“पण तू तिच्याकडे पाठ करून बसतेसच कशाला?” नवऱ्याने विचारलं.

“खिडकीकडे पाठ केली की जुन्या स्क्रीनमध्ये नुसती खिडकीच दिसते, म्हणून...” बोलता बोलता मी थांबले. मॅट लॅपटॉप उचलून दुकानाच्या काचेच्या दाराकडे त्याचं तोंड केलं. बाहेर लख्ख ऊन, पण अक्षरं जागच्या जागी.

“मी खिडकीकडे पाठ करून बसू शकते! म्हणजे पलंग समोर येईल!”

“म्हणजे ते जड टेबल मला फिरवावं लागेल,” नवरा पुटपुटला, आणि त्याने मॅट बांधून द्यायला सांगितला.

टेबल फिरलं. आता मान वर केली की भिंगरी दिसते. अर्थात तिलाही मी दिसते, त्यामुळे प्रत्येक परिच्छेदाला टाटा करावा लागतो. तरी नव्या पुस्तकाची पानं वेळेत गेली. संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला.

“चोख झालंय. पुढचं पुस्तक पाठवते. मुलांच्या हट्टावर आहे, जमेल ना?”

“जमेल की,” मी म्हणाले. समोर पलंगावर भिंगरीने कपडे घालायचे नाहीत म्हणून जोरदार भोकाड पसरलं होतं.